लॅब्रॅडॉरला शिकारी कुत्रा म्हणतात, पण आमचा तर मांजरालाही घाबरतो! हे कुत्रे खरंच शिकार करतात का, की बंदूकवाल्याबरोबर नुसते फिरतात?

मारायचं काम बंदुकीचं. लॅब्रॅडॉरने फक्त पडलेला पक्षी शोधायचा आणि न चावता आणून हातात द्यायचा. तेव्हा तुमचा मांजराला घाबरत असेल तर खुशाल घाबरू द्या, खानदानाला बट्टा लागत नाही.

मी इंग्लंडमध्ये राहते. हिवाळ्यात जवळच्या एका शूटवर, म्हणजे ठरवून भरवलेल्या पक्ष्यांच्या शिकारीवर, माझी काळी लॅब घेऊन पक्षी उचलायला जाते. फेझंट या कोंबडीसारख्या रानपक्ष्याचा हंगाम इथे १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. बंदूकवाले आठ-नऊ जण आखून दिलेल्या खुंट्यांपाशी रांगेत उभे राहतात आणि समोरच्या रानातून हाकारे काठ्या आपटत पक्षी उठवत येतात.

हाकाऱ्यांबरोबर असतात स्प्रिंगर आणि कॉकर स्पॅनियल. सगळ्यात जास्त राबतात ते हेच, आणि कौतुक होतं लॅब्रॅडॉरचं! माणूस जिथे हात घालणार नाही अशा काटेरी जाळीत हे बेलाशक घुसतात, कान चिखलाने जड झालेले, शेपटी एकसारखी हलती. पण मालकापासून वीस-पंचवीस मीटरच्या पलीकडे जायचं नाही. छर्‍याच्या बंदुकीचा पल्ला जेमतेम ३५-४० मीटर, त्यामुळे चालत शिकार करणाऱ्याच्या कुत्र्याने लांबवरचा पक्षी उडवला की तो गेलाच. हाक्यात स्पॅनियल पुढे पळाला तर अख्खा थवा एकदम उठतो आणि बंदूकवाले बघत बसतात. त्यात पक्षी उठला की कुत्र्याने जागच्या जागी बसायचं. नाकासमोरून फेझंटचा नर फडफडत वर जातोय आणि कुत्रा बूड टेकून नुसता बघतोय, हे शिकवायला काय लागत असेल विचार करा. शेपट्या मात्र काट्यांनी सोलून निघतात. २००६च्या कायद्याने इंग्लंडमध्ये शेपटी कापायला बंदी आहे, पण कामाच्या काही कुत्र्यांना सूट मिळते. यावर इथे कडाक्याचे वाद होतात. रक्ताळलेली टोकं पाहून मी तरी सूट देणाऱ्यांच्या बाजूची झालेय.

पॉइंटर आणि सेटर वेगळ्या कामाचे, त्यांना उघडा माळ लागतो. ग्राउस या माळावरच्या पक्ष्याचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो, तेव्हा स्कॉटलंडच्या डोंगरावर ते वाऱ्याला तोंड देऊन डावी-उजवीकडे शेकडो मीटर पिंजून काढतात. वास लागला की थिजतात. पक्षीही दबून बसतो, आणि शिकारी सावकाश येऊन पोचतो. जोडीचा दुसरा कुत्रा, वास आलेला नसतानाही, पहिल्याला पाहून उभा राहतो. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, विझला वगैरे मंडळी शोधणं, थिजणं, आणणं असं सगळंच करतात.

आता तुमच्या लॅब्रॅडॉरचं. याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे कुत्रे, गार पाण्यातून जाळी न् मासे ओढून आणणारे. एकोणिसाव्या शतकात ते ब्रिटनमध्ये आले, तिथल्या जमीनदारांनी शिकारीसाठी वाढवले आणि १९०३ मध्ये केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेने, जात म्हणून मान्य केले. खुंटीपाशी बसलेल्या लॅबने आजूबाजूला धडाधड पक्षी पडत असताना हलायचं नाही, कुंईसुद्धा करायचं नाही. शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेत कुंई केलं की बाद.

आमचं काम बंदुकांच्या बरंच मागे. जखमी पक्षी पळतो, तो लवकर सापडून त्याचे हाल संपावेत म्हणून आम्ही असतो. मागच्या हंगामात एक नर कुंपणापलीकडे पडला आणि धावत सुटला. माझी कुत्री तो पडला तिथे गेली, नाक खाली घातलं आणि वाटेत दोन मेलेले पक्षी उघड्यावर पडले होते त्यांना ओलांडून थेट ओढ्यापर्यंत माग काढत गेली. परत आली तेव्हा तोंडात तो नर, मान ताठ, डोळे उघडे. मी लगेच मान मोडून त्याला सोडवलं. मग सवयीने दोन्ही बाजूंच्या बरगड्या बोटांनी चाचपल्या. बरगड्या चेपलेल्या लागल्या तर कुत्र्याचं तोंड कडक, आणि तेही स्पर्धेतून बाद व्हायचं कारण.

आपला कारवानी कुत्रा अगदी उलट्या वळणाचा. तो नजरेने ससा हेरणार, पळून गाठणार, आणि पकडणारही स्वतःच. बंदुकीची त्याला गरजच नाही.

भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचा विषयच नको. पण हौस भागवायची असेल तर जुना मोजा चिंध्यांनी भरून गवतात लपवा, वाऱ्याच्या खालच्या बाजूने कुत्र्याला सोडा आणि शोधू द्या. फेकताना आधी बसवा, मोजा जमिनीवर पडून स्थिर झाला की मगच पाठवा. पाचसहा वेळा पुरे, कंटाळण्याआधी थांबा. आणि आणलेली वस्तू तोंडातून हिसकू नका, त्यानेच दात रोवायची सवय लागते.