जीएनएमची सीट मिळतेय, बीएस्सीचा कॅप राउंड बाकी आहे. पैसे भरावेत का?

प्रश्न : मी अंबड एमआयडीसीत नोकरीला आहे. मुलगी बारावी सायन्स 61 टक्क्यांनी पास झाली, बीएस्सी नर्सिंगची सीईटीही दिली आहे; कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा राउंड बाकी आहे. जवळच्या एका जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) स्कूलने आठ दिवसांत पैसे आणि मूळ कागदपत्रं जमा करायला सांगितलंय. जीएनएम तीन वर्षांत संपेल, बीएस्सीला चार लागतील. दवाखान्यात पगार दोघींना सारखाच असतो म्हणतात. मग बीएस्सी कशाला? – एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार. पगाराचं तुम्ही ऐकलंत ते सुरुवातीपुरतं बरोबर आहे. खासगी हॉस्पिटलांत नवीन स्टाफला जीएनएम असो वा बीएस्सी, हातात फारसा वेगळा आकडा पडत नाही. राज्य सरकारच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) भरतीलाही दोघी पात्र असतात.

फाटे फुटतात ते त्यानंतर. एम्सच्या नॉरसेट या नर्स भरतीच्या परीक्षेला बीएस्सीवाली पास होऊन नोंदणी झाली की थेट बसते. जीएनएमवालीला आधी किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. आपल्याकडे मुली घराजवळच्या पंधरा-वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये लागतात; तो अनुभव तिथे धरला जात नाही, आणि वयाची अट साधारण 30 ची. पद नर्सिंग ऑफिसरचं, सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन 44,900. शिकवण्याकडे किंवा एमएस्सीकडे वळायचं तर पदवी हवीच. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांची, म्हणजे तीन अधिक दोन, पाच. वाचवलेलं एक वर्ष व्याजासकट परत जातं.

आता पैशांचं. जीएनएम स्वस्त, हा हिशेब मुलींच्या बाबतीत आता तपासून घ्या. 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. आणखी एक अट, आणि ती कडक: प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर माफी नाही. (एससी, एसटीसाठी वेगळी योजना आहे.) हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म मात्र तुमच्याच खिशातून.

म्हणून आज दोन कामं करा. मार्कशीटवरच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीची बेरीज काढा. एकूण 61 टक्के असले तरी मराठीसारख्या विषयाने टक्का वर नेलेला असतो. बीएस्सीला या तिघांत 300 पैकी किमान 135 हवेत (राखीव प्रवर्गाला 120), शिवाय इंग्रजीत पास. दुसरं, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात वैधता, जे लागू असेल ते हाताशी ठेवा. सीट मिळूनही दाखल्यावाचून अडलेल्या मुली दरवर्षी दिसतात.

जीएनएम स्कूलमध्ये मूळ मार्कशीट आणि टीसी देऊ नका. एकदा दिली की कॅपच्या वेळी सोडवताना नाकी नऊ येतात, पैसेही कापले जातात. आठ दिवसांची घाई त्यांची आहे, तुमची नाही.

कॅपच्या सगळ्या फेऱ्यांत काहीच लागलं नाही तर? तेव्हा कर्ज काढून मॅनेजमेंटची बीएस्सी घेण्यापेक्षा सरकारी जीएनएम मी वरचं मानतो. सिव्हिलसारख्या ठिकाणी हात बसतो. कमी फी दिसली म्हणून दोन वर्षांच्या एएनएमकडे (सहायक परिचारिकेचा कोर्स) मात्र वळू नका; बारावी सायन्सच्या मुलीला तो पल्ला फार तोकडा आहे.

कॉलेज कोणतंही असो, इमारत बघून भुलू नका. स्वतःचं 100 खाटांचं रुग्णालय आहे का आणि सकाळी वॉर्डात पेशंट किती, ते प्रत्यक्ष जाऊन बघा. रिकाम्या खाटांवर सलाईन लावायला कुणी शिकत नाही. बीएस्सीची परीक्षा आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाची असते, जीएनएमची राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची. ‘एका वर्षात नर्सिंग’ अशी पाटी दिसली तर एवढंच विचारा: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळते का? ‘आमचं सर्टिफिकेट चालतं’ असं उत्तर आलं तर तिथून निघा.