‘नॉर्थ अँड साउथ’ : वाचकांचे प्रश्न

एलिझाबेथ गॅस्केल यांच्या ‘नॉर्थ अँड साउथ’ या इंग्लंडमधल्या गिरणगावाच्या कादंबरीवर आलेल्या पत्रांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

पन्नास पाने वाचली, तरी ना गिरणी, ना संप. नुसती लग्नाची गडबड आणि पाद्र्याचे घर. पुढे वाचावे का? (डोंबिवली)

जरूर वाचा. कादंबरीची प्रकरणे ५२ आणि गिरण्यांचे गाव मिल्टन उगवते सातव्यात. तोपर्यंतचा भाग भरभर वाचलात तरी चालेल, पण एक धागा सोडू नका. नायिका मार्गारेटचा भाऊ फ्रेडरिक जहाजावरच्या बंडात सामील होता, त्यामुळे त्याला इंग्लंडमध्ये उघडपणे परतता येत नाही. पुढे स्टेशनवर तिला त्याच्यासोबत पाहून गिरणीमालक थॉर्नटनचा गैरसमज होतो आणि ती पोलिसांशी खोटे बोलते. हा धागा सुटला की तो सगळा भाग ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो.

प्रेमकथेला पार्श्वभूमी हवी म्हणून संप घातला आहे. लेखिका शेवटी मालकाच्याच बाजूने उभी राहते, असे माझे मत आहे. (सोलापूर)

आम्हाला हे पटत नाही. गॅस्केलबाई मँचेस्टरमध्ये राहत होत्या आणि १८५३-५४ चा प्रेस्टनच्या गिरण्यांतला लांबलेला संप त्यांच्यासमोर ताजा होता. तेरावे प्रकरण पुन्हा उघडा. कामगार हिगिन्सची मुलगी बेसी कार्डिंग (कापूस पिंजण्याच्या) खात्यात काम केलेली. कापसाचे तंतू छातीत जाऊन ती खंगली आहे. धूळ ओढून घेणारे मोठे चाक बसवता येते, पण त्याला पाच-सहाशे पौंड लागतात आणि नफा काहीच नाही, म्हणून थोडेच मालक ते बसवतात, असे ती सांगते. मालकाची वकिली करणारी लेखिका हा आकडा तिच्या तोंडी घालणार नाही.

संप फसतो तो का, हेही नीट पाहा. अमेरिकन सूत बाजारात आल्यामुळे मजुरी वाढवणे परवडत नाही, हे थॉर्नटनला ठाऊक आहे. पण कामगारांना कारण सांगणे त्याला कमीपणाचे वाटते. तो संपकऱ्यांच्या जागी आयर्लंडहून माणसे आणतो. इकडे युनियनचा सक्त आदेश असतो की हिंसा करायची नाही, कारण लोकमत हातचे जाईल. पण घरी उपासमार चाललेला कामगार बाउचर आणि त्याच्यासारखे लोक गिरणीवर चालून जातात, दगड मार्गारेटला लागतो आणि संपाचा कणा मोडतो. दोष दोन्हीकडे वाटलेला आहे, तोही नेमकेपणाने.

तुमचा आक्षेप एका ठिकाणी खरा ठरतो : मजुरीचा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. कामगारांच्या जेवणाची सोय केल्यावरही थॉर्नटन एवढेच म्हणतो की संप थांबणार नाहीत, फार तर त्यातले विष कमी होईल. आमच्या मते हा लेखिकेचा प्रामाणिकपणा आहे. (हीच कादंबरी क्रमशः येत होती त्या १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली. गिरणगावातल्या घरांना हे वाद वाचताना ओळखीचे वाटतील.)

बीबीसीच्या मालिकेत शेवट रेल्वे स्टेशनवर होतो, पुस्तकात तो प्रसंगच नाही. पुस्तकाचा शेवट घाईचा का वाटतो? (पुणे)

कादंबरी चार्ल्स डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात सप्टेंबर १८५४ ते जानेवारी १८५५ अशी छापली गेली. जागा मोजून दिलेली असल्याने शेवटचे प्रसंग कोंबावे लागले. १८५५ च्या पुस्तकात लेखिकेने नवी प्रकरणे जोडली, तरी घाई पुरती गेली नाही. मालिका २००४ ची. स्टेशनचा प्रसंग तिच्यातच आहे.

मूळ शेवट मात्र आम्हाला जास्त आवडतो. सट्ट्यात उडी घ्यायला नकार दिल्याने थॉर्नटन बुडाला आहे. मार्गारेट त्याला सांगते की तिचे १८,०५७ पौंड बँकेत अडीच टक्क्यांवर पडून आहेत. ते घेऊन त्याने गिरणी चालवावी, व्याज जास्त द्यावे. व्यवहाराच्या भाषेत दिलेली प्रेमाची कबुली आहे ही! पूर्वी आठवड्याच्या पंधरा शिलिंगांत तिघांचे घर चालवून तीन शिलिंग शिल्लक टाकणारा माणूस समोर बसला आहे, हे आठवले की तो आकडा किती बोलतो ते कळते.

हिगिन्सची भाषा समजत नाही. शब्दकोशही उपयोगी पडत नाही. (इचलकरंजी)

ती लँकशायरची बोली आहे. मोठ्याने वाचा, निम्मे कोडे कानाने सुटते. थोडे शब्द पाठ करा : ‘हू’ म्हणजे ती, ‘क्लेम’ म्हणजे उपासमार होणे, ‘नॉबस्टिक’ म्हणजे संपफोड्या. लेखिकेचे पती विल्यम गॅस्केल यांनी या बोलीवर व्याख्याने दिली होती, त्यामुळे हे शब्द हवेतून आलेले नाहीत. टिपा असलेली आवृत्ती घ्या. आणि एकोणतिसाव्या प्रकरणात थांबा : मार्गारेटच्या तोंडचे गिरणीतले शब्द आईला गावंढळ वाटतात, तेव्हा ती म्हणते की गिरणीच्या गावात राहायचे तर गिरणीची भाषा बोललीच पाहिजे, आणि आईला विचारते, नॉबस्टिक म्हणजे काय हे तुला माहीत तरी आहे का?