कॅट खरंच गेलाय का?

प्रश्न: माझी पेट्रोल गाडी ९० हजार किमी झालीये, कात्रजचा घाट चढताना दम टाकते, चेक इंजिनचा दिवा लागलाय. स्कॅनरवर पी०४२० हा कोड आला तर गॅरेजवाले म्हणतात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) बदला. बदलू का? – एक वाचक, धनकवडी

उत्तर: थांबा हो, एवढी घाई नको! हा कोड फक्त सांगतो की कॅट नीट काम करत नाहीये असं कॉम्प्युटरला वाटतंय, पण सायलेन्सरच्या पाइपात लीक असेल किंवा मागचा ऑक्सिजन सेन्सर थकला असेल तरी हाच कोड येतो, तेव्हा आधी ते बघून घ्या. दम टाकते म्हणजे कॅट आतून तुंबला असू शकतो, पुढचा सेन्सर काढून तिथे गेज लावून बॅकप्रेशर, म्हणजे धूर अडल्याने मागे येणारा दाब, मोजायला सांगा. थंड असताना कॅटवर हलकं ठोका, आत खडखडलं तर जाळी फुटली समजा.

आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) किंवा ऑइल जळणं आधी दुरुस्त करा, नाहीतर नवाही जाईल. आतली जाळी काढून रिकामा डबा बसवून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. जुना कॅट मात्र मागून घ्या, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम असतं, भंगारातही भाव येतो.