वाचक विचारतात : लढाईच्या पाठीवर बुद्धिबळ

प्रश्न : मुंबईच्या चोरबाजारात मला ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चे जानेवारी १८७१ मधील एक सुटे पान मिळाले. एका बाजूला पॅरिसच्या वेढ्याचे पानभर चित्र आहे, तर मागे नाटकाचे परीक्षण आणि बुद्धिबळाचा डाव. इतके विजोड विषय एकाच वृत्तपत्रात कसे? चित्रातून वरून खाली एक बारीक पांढरी रेघ गेली आहे, ती घडीची खूण आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी रेघेबद्दल, कारण पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यातच आहे. ती घडी नव्हे, सांधा आहे. ही चित्रे बॉक्सवूड नावाच्या टणक लाकडावर कोरून छापली जात. या झाडाचे खोड बारीक असल्यामुळे पानभर चित्रासाठी अनेक लहान ठोकळे मागून बोल्टने आवळावे लागत. त्यांवर चित्र रेखाटून झाले, की ठोकळे सुटे करून आभाळ एका कारागिराला, गर्दी दुसऱ्याला असे वाटून दिले जात आणि कोरून आल्यावर पुन्हा जोडले जात. जोड घट्ट बसला नाही, तर तेथे शाई लागत नसे.

एवढा खटाटोप करायचा म्हणजे वेळ हवा. म्हणूनच जहाजांचे जलावतरण, प्रदर्शने, राजघराण्यातील विवाह यांसारख्या आधी ठरलेल्या प्रसंगांना अशा सचित्र वृत्तपत्रांत भरपूर जागा मिळे; अकस्मात घडलेल्या घटनेसाठी मात्र कल्पनेचा आधार घ्यावा लागे. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’च्या १४ मे १८४२ च्या पहिल्याच अंकात हॅम्बुर्गच्या आगीचे चित्र होते. ते शहराच्या एका जुन्या चित्रावरून उतरवून त्यात ज्वाळा आणि धूर यांची भर घालून तयार केलेले होते. आजच्या दृष्टीने ही सरळ बनवाबनवी झाली. पण शहर जळत असताना कसे दिसत असेल, ही वाचकांची उत्सुकता त्यातून भागली.

त्याच १६ पानी, सहा पेन्स किमतीच्या अंकात राणी व्हिक्टोरियाचा वेशभूषा-नृत्यसमारंभ, अफगाण युद्ध, व्हर्सायजवळचा रेल्वे अपघात, गुन्ह्यांच्या बातम्या आणि पुस्तकांची परीक्षणे असे सारे होते. संस्थापक हर्बर्ट इंग्रॅम हा आधी नॉटिंगहॅममध्ये मुद्रक आणि वृत्तपत्रविक्रेता होता. चित्र असलेला अंक अधिक खपतो, हे त्याने दुकानात बसून पाहिले होते. सहा पेन्स ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. तेव्हा घरातल्या प्रत्येकाला काही ना काही मिळेल, असाच अंक काढणे धंद्याला धरून होते. त्यामुळे आपण ज्याला विजोडपणा म्हणता, तो मला तरी निष्काळजीपणा वाटत नाही. पुढे १८६९ मध्ये निघालेल्या ‘ग्राफिक’ या सचित्र साप्ताहिकाने चित्रांच्या दर्जात स्पर्धा केली, विषयांची सरमिसळ मात्र तशीच ठेवली.

आपल्या पानामागचे बुद्धिबळाचे सदर त्या वेळी इंग्रज बुद्धिबळपटू हॉवर्ड स्टाँटन लिहीत असत. १८४५ पासून १८७४ मधील मृत्यूपर्यंत ते त्यांच्याकडेच होते. डावाशेजारी बारीक टाइपात पत्रलेखकांच्या आद्याक्षरांपुढे त्यांची उत्तरे दिसतात का, ते पाहावे. तेथे प्रश्न छापण्याची पद्धत नव्हती, केवळ उत्तरे असत. जागेची ही काटकसर आमच्या संपादकांना कळू नये, एवढीच इच्छा आहे.