अंगठा उमटत नाही, म्हणून रेशन बंद?

प्रश्न : माझी ७२ वर्षांची विधवा मावशी गावी एकटी राहते. अंत्योदय कार्ड आहे, पण मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून तीन महिने धान्य मिळालेलं नाही. मुलगे पुण्यात, पैसे पाठवत नाहीत. ती एकच वेळ जेवते, कुणाशी बोलत नाही, ‘आता कशाला जगायचं’ म्हणते. मुलांवर केस करावी का?

उत्तर : केसचं नंतर बघू. ‘कशाला जगायचं’ हे म्हातारपणाचं रडगाणं समजू नका. आजच तिला जवळ बसवून १४४१६ (टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, मोफत) लावा. उपाशी माणसाला रांगेत उभं राहायचं बळ नसतं आणि उदास माणसाला भांडायचं. तेव्हा दुकानात तिच्यासोबत कुणीतरी जायलाच हवं.

अंत्योदय कार्डावर दरमहा ३५ किलो धान्य मिळतं, घरात माणूस एकच असला तरी, आणि तेही मोफत. अंगठा जुळत नसेल तर ओटीपी किंवा नॉमिनीमार्फत (तिच्या वतीने धान्य उचलायला नेमलेल्या माणसामार्फत) धान्य देता येतं. निव्वळ बोटांचे ठसे जुळत नाहीत म्हणून कुणाला परत पाठवू नये, असे केंद्राचे २०१७पासूनचे निर्देश आहेत. ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) राहिली असेल तर मोबाइल ॲपवर चेहरा दाखवूनही होते. आधारला मोबाइल जोडलेला हवा.

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट तपासा. राज्याच्या ई-पॉस (रेशन दुकानातल्या मशीनच्या नोंदींच्या) संकेतस्थळावर तिच्या कार्डाचा १२ अंकी क्रमांक टाका. त्या तीन महिन्यांचं धान्य ‘उचललं’ असं दिसलं, तर अडचण अंगठ्याची नाही. कुणीतरी ते लाटलंय. त्या पानाची प्रत काढून ठेवा.

मग तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या आणि प्रत जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांना. दोन्हीकडे पोच घ्या. दुकानदाराशी तोंडी वाद घालून काही हाती लागत नाही. न मिळालेल्या धान्याबद्दल अन्न सुरक्षा कायदा, २०१३च्या कलम ८खाली भत्ता (धान्याच्या बदल्यात पैसे) मागा. लोक हे मागायलाच विसरतात. दाद लागली नाही तर राज्य अन्न आयोग आहे. त्याच फेरीत श्रावणबाळ योजनेचा अर्जही द्या : वय ६५ पूर्ण, वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, दरमहा १५०० रुपये.

आता मुलगे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात मावशी अर्ज करू शकते. वकील लागत नाही, दरमहा १० हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, निकालाआधी अंतरिम रक्कमही मागता येते. ती स्वतः अर्ज करायला असमर्थ असेल तर तिच्या अधिकारपत्रावर तुम्ही करू शकता. पण सही तिला पटल्यावरच घ्या. पोरांविरुद्ध कागद द्यायला बहुतेक आया कचरतात आणि घाईत घेतलेली सही पहिल्याच तारखेला मागे घेतली जाते.