पाय दुखावलेला असताना हर्डलरचा दिवस कसा जातो?

तुम्ही लिहिलंय की तुमची मुलगी नववीत आहे, शाळेकडून हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत पळते, मांडीमागचा स्नायू ताणला गेल्यामुळे डॉक्टरांनी तिला सहा आठवडे आराम सांगितलाय आणि ती घरात कुणाशी धड बोलत नाही. ज्यांचा हा पेशाच आहे ते खेळाडू दोन स्पर्धांच्या मधले असे दिवस कसे काढतात, असा तुमचा प्रश्न आहे.

मी १०० मीटर हर्डल्स पळते. मूळची सातारा जिल्ह्यातली, रेल्वेत खेळाडू कोट्यातून नोकरी, राहायला पुण्यात, बालेवाडीच्या मैदानापासून सायकलवर दहा मिनिटं. मार्चअखेरीला एका स्पर्धेत सहाव्या हर्डलवरून उतरताना माझाही तोच स्नायू फाटला. मागून कुणीतरी मांडीवर खडा मारला असं वाटलं, मी वळूनसुद्धा पाहिलं. आज सातवा आठवडा संपला. त्यामुळे मी लिहितेय ते सगळं सध्याचंच आहे.

पहिले चार दिवस सोडले तर मी आराम असा केलेलाच नाही. तुमच्या मुलीच्या डॉक्टरांचं म्हणणं मोडा असं मी मुळीच सांगत नाहीये. तिची दुखापत किती आहे ते त्यांनी पाहिलंय, मी नाही. पण आराम म्हणजे पलंगावर पडून छताकडे बघणं असा तिचा समज झाला असेल, तर ती न बोलण्याचं कारण मला इथूनही कळतं. मीही पहिल्या आठवड्यात आईचा फोन उचलत नव्हते.

सकाळी डोळे उघडले की उठायच्या आधी उजवा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलून बघते. मग उशाशी ठेवलेल्या वहीत तीन आकडे लिहिते. दुखतंय दहापैकी किती, आखडलंय दहापैकी किती आणि भरवसा दहापैकी किती. हा तिसरा आकडा माझ्या फिजिओ मॅडमनी लिहायला लावला. तेव्हा मला तो उगाचचा वाटला होता. आता वही चाळली की दिसतं, तिसऱ्या आठवड्यातच दुखणं शून्यावर आलंय आणि भरवसा तिथे तीनवर अडकलाय. पुढचा सगळा महिना त्या तिसऱ्या आकड्यासाठीच खर्ची पडला.

साडेपाच ते साडेसहा मी घरातून हलत नाही. मी डोपिंग, म्हणजे उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीच्या नोंदणीकृत यादीत आहे. रोजचा एक तास आणि त्या तासाला मी कुठे सापडेन तो पत्ता आधी कळवून ठेवावा लागतो. बारा महिन्यांत तीनदा सापडले नाही किंवा माहिती चुकीची निघाली, तर तोही नियमभंगच. दुखापतीची सुट्टी इथे चालत नाही. पाय सुजलेला असताना दुसऱ्याच आठवड्यात दारावरची बेल वाजली. आलेल्या ताईंसमोर लघवीचा ९० मिलिलिटर नमुना होईपर्यंत मी पाणी पीत बसले आणि मागच्या सात दिवसांत घेतलेली प्रत्येक गोळी फॉर्मवर लिहिली. हे सांगायचं कारण असं की गावाकडून बऱ्याच जणांनी मला ‘एक इंजेक्शन घे आणि उभी राहा’ असं सुचवलं. सूज आणि दुखणं दाबणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन, मग ते सांध्यात द्या नाहीतर स्नायूत, २०२२ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे. आणि ते चाललं असतं तरी दुखणं गप्प झालं म्हणजे फाटलेलं जुळलं असं होत नाही. मुलीला कुणी असं काही सुचवलं तर कृपा करून नाही म्हणा.

साडेसातला जिम. तिथलं मुख्य काम म्हणजे स्नायू ताणलेल्या अवस्थेत बळकट करणं. हर्डलवर जाताना पुढचा पाय जवळपास सरळ होऊन वर झेपावतो, तेव्हा मांडीमागचा स्नायू कमरेकडून आणि गुडघ्याकडून एकाच वेळी खेचला जातो आणि उतरताना त्यालाच अख्खं अंग पुढे ओढायचं असतं. म्हणून तो आखडलेल्या अवस्थेत कितीही मजबूत केला तरी आमच्या कामाचा नाही. स्वीडनचे फिजिओ कार्ल आस्कलिंग यांनी धावपटू आणि उडी मारणारे खेळाडू घेऊन २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. स्नायू लांबवत करायच्या व्यायामांनी खेळाडू सरासरी ४९ दिवसांत परतले, नेहमीच्या व्यायामांनी ८६ दिवसांत. मॅडम मला तेच व्यायाम देतात. एकात मोजा घालून गुळगुळीत फरशीवर उभं राहायचं, वजन पुढच्या टाचेवर ठेवायचं आणि मागचा पाय हळूहळू घसरवत न्यायचा, परत येताना हातांनी ओढून घ्यायचं. बघायला काहीच वाटत नाही. मला पहिल्या दिवशी सहा वेळा करून घाम फुटला होता.

दुसरा व्यायाम माझ्या रूममेटशिवाय होत नाही. ती कोल्हापूरची, भालाफेक करते. मी गुडघ्यांवर बसते, ती मागून घोटे दाबून धरते आणि मी डोक्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ राहून इंचाइंचानं पुढे कलते, जिथे सुटेल तिथे हातांवर पडते. फेडरेशन कप या राष्ट्रीय स्पर्धेत आमच्या हर्डल्सची फायनल होती त्या संध्याकाळी मी ती मोबाइलवर पाहिली. आठ लेन भरलेल्या होत्या. शर्यत संपल्यावर मी बराच वेळ रडले. तिनं समजूत वगैरे घातली नाही, चटई अंथरली आणि म्हणाली, “चल, घोटे धरते.” त्या दिवशी मी एरवीपेक्षा चार इंच पुढे गेले.

दुपार जेवण आणि झोपेत जाते. अंडी, उसळ, ताक, ज्वारीची भाकरी. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, फक्त जखमी असताना सराव कमी म्हणून जेवण कमी करायची चूक मी पहिल्या आठवड्यात केली आणि मॅडम रागावल्या. जुळणाऱ्या स्नायूलाही खायला लागतं.

झोपून उठल्यावर खुर्चीत बसते, स्टॉपवॉच हातात घेते, डोळे मिटते. ब्लॉकमध्ये पाय, गोळीचा आवाज, पहिल्या हर्डलपर्यंत आठ पावलं, मग तीन-तीन पावलांची ती लय. फिनिश ओलांडली की बटण दाबायचं. बरी असताना माझी मनातली शर्यत खऱ्या शर्यतीच्या दोन-तीन दशांश इकडेतिकडे यायची, साडेतेराच्या आसपास. दुखापतीनंतर पहिल्यांदा केलं तेव्हा मी सहाव्या हर्डलपाशी थांबले. थांबायचं ठरवलं नव्हतं, पुढचं चित्रच येईना. पाचवं दिसायचं, सातवं दिसायचं, मधे नुसता लाल ट्रॅक. आठवडाभर असंच. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, सहाव्यापासूनच सुरू कर, तिथे उभी राहा, त्या हर्डलला हात लावून बघ, मग पुढे जा. मी रोज मनात तिथे जाऊन उभी राहायचे. बाराव्या दिवशी शर्यत पूर्ण झाली तेव्हा घड्याळात १६ सेकंद होते. मी ते वहीत लाल पेनानं लिहिलंय.

वडील शेती करतात. हे सगळं फोनवर ऐकून ते म्हणाले, “बैलाचा पाय बरा झाला तरी तो चार दिवस अंग चोरतो. चाबूक मारून उपयोग नाही, हलकं औत धरायचं.” माझे प्रशिक्षक, आमचे सर, तेही मैदानावर हाच शब्द वापरतात. वेळ बघत नाहीत, फक्त ओरडतात, “अंग चोरतेयस!”

आता संध्याकाळ. तुमच्या मुलीला हे सगळ्यात जास्त उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

सपाट पळणारीला सर सांगू शकतात, आज साठ टक्के पळ, पुढच्या आठवड्यात सत्तर. मला तसं सांगता येत नाही. महिलांच्या १०० मीटरमध्ये दहा हर्डल्स, उंची ८३.८ सेंटिमीटर, पहिलं १३ मीटरवर आणि पुढे प्रत्येक दोघांत साडेआठ मीटर. या साडेआठातले साधारण तीन मीटर हवेत जातात, कारण दोनेक मीटर आधी उडायचं आणि मीटरभर पुढे उतरायचं. उरलेल्या साडेपाच मीटरमध्ये तीन पावलं. वेग जरा पडला की तिसरं पाऊल हर्डलच्या जवळ पोचतच नाही. मग चौथं घ्यावं लागतं आणि चौथं घेतलं की नेहमीच्या उलट पाय पुढे येतो. थोडक्यात, खऱ्या अंतरावर हळू पळण्याची सोयच नाही. बऱ्याच मुली इथेच पुन्हा दुखावतात. सपाट ट्रॅकवर ऐंशी टक्के पळता आलं की वाटतं झालं बरं, आणि मग एकदम पूर्ण अंतरावर पोचण्यासाठी त्या पाय ताणतात, नेमका तोच पाय.

म्हणून आपण वेग कमी करायचा आणि हर्डलच जवळ आणायचं. सर टेप वापरत नाहीत. खुणेपासून टाचेला बोट लावत स्वतःच्या बुटानं मोजतात. त्यांचा बूट साधारण ३० सेंटिमीटरचा. पाचव्या आठवड्यात मी पहिल्यांदा हर्डलवरून गेले तेव्हा प्रत्येक अंतर पाच बूट आत होतं, म्हणजे सात मीटर, आणि उंची ७६.२. हर्डल्सही तीनच. त्याआधीचे पंधरा दिवस फक्त चालत, बाजूनं, मागचा पाय फिरवत, भिंतीला हात लावून. पाच बूट आत असलं की निम्म्या-पाऊण वेगातही तीन पावलं बसतात, लय तीच राहते, उजवाच पाय पुढे येतो. कानाला तोच आवाज येतो, टप-टप-टप, मग शांतता, मग पुन्हा टप-टप-टप. त्या पहिल्या संध्याकाळी तिसऱ्या हर्डलनंतर मी तोंड धुवायच्या निमित्तानं नळाकडे गेले.

पाचाचे चार झाले, चाराचे तीन. तीनवर मी दहा दिवस अडकले. दुखत नव्हतं, पण उतरताना मी टाच टेकवत होते, म्हणजे ब्रेक लावत होते. सर व्हिडिओ दाखवत होते, मला दिसत होतं आणि तरी तसंच होत होतं. शेवटी त्यांनी हर्डल्स पुन्हा चार बूट आत नेली. मला फार लागलं ते. दोन दिवसांनी तीनवर आणली तेव्हा पाय चवड्यावर उतरला.

आस्कलिंग यांचीच एक शेवटची चाचणी आहे. पाठीवर झोपायचं, गुडघा वाकू नये म्हणून पट्टा बांधायचा आणि पाय जमेल तेवढ्या जोरात वर फेकायचा, तीनदा. मग फिजिओ विचारतात, दुखलं का? भीती वाटली का? दुखलं नाही पण बिचकलीस, तरीही नापास. व्यायाम आणखी करायचे आणि काही दिवसांनी पुन्हा चाचणी. मी मागच्या सोमवारी नापास झाले. पाय छातीपर्यंत आला होता, कुठे कळ नव्हती. पण मॅडमनी विचारलं तेव्हा खोटं बोलावंसं वाटलं नाही.

ज्या दिवशी फारच जड जातं त्या दिवशी मी ऑस्ट्रेलियाच्या सॅली पिअर्सनची २०१७ ची लंडनमधली फायनल बघते. २०१२ ची ऑलिंपिक विजेती. २०१५ मध्ये रोमला पडून हात मोडला, २०१६ मध्ये हॅमस्ट्रिंगमुळे, म्हणजे याच मांडीमागच्या स्नायूमुळे रिओ ऑलिंपिक हुकलं, आणि मग लंडनला १२.५९ सेकंदांत जागतिक विजेतेपद. आपल्या ज्योती याराजीनं भारतीय महिलांमध्ये पहिल्यांदा १३ सेकंदांच्या आत पळून दाखवलं. २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमीला आशियाई सुवर्ण जिंकल्यावर तिच्याही गुडघ्याचा लिगामेंट गेला. तिची दुखापत माझ्यापेक्षा कितीतरी मोठी. तिच्याबद्दल मी बातम्यांपुरतंच जाणते, पण तिचीही सकाळ पाय उचलून बघण्यानंच सुरू होत असेल असं मला वाटत राहतं.

तुमच्या मुलीला एक वही आणून द्या. तीन आकडे रोज तिनंच लिहावेत, तुम्ही विचारू नका. डॉक्टर हर्डल्सला हो म्हणतील तेव्हा तिच्या शिक्षकांना सांगा की पहिल्या दिवशी पूर्ण अंतर लावू नका. आणि ती बोलायला लागली की तिला विचारा, डोळे मिटल्यावर शर्यत कुठल्या हर्डलपाशी थांबते. तिला प्रश्न बरोबर कळेल.

माझी सोमवारी परत ती पट्ट्याची चाचणी आहे. आज संध्याकाळी पाच हर्डल्स होती, पूर्ण उंचीची, दोन बूट आत. निघताना सरांनी खडूनं नवीन खुणा केल्या, दीड बूट आत, आणि मला विचारलं, “सहावं लावू का?” मी लावा म्हणाले.