संभाव्यतेतल्या गणितज्ञाची कारकीर्द नेमकी कशी असते?

प्रश्न असा आहे : "एम.एस्सी. संख्याशास्त्र करतोय. संभाव्यतेत पीएच.डी. करावीशी वाटते, घरचे म्हणतात डेटा सायन्सला जा. या विषयात माणूस पुढे करतो तरी काय?"

मी संशोधक नाही, कॉलेजात बी.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकवतो. पण दरवर्षी कुणीतरी हे विचारायला येतंच, आणि मी त्याला संभाव्यतेतले मोठे गणितज्ञ एस. आर. श्रीनिवास वरदन यांच्याबद्दल सांगतो.

जन्म १९४०, मद्रास. तिथल्याच प्रेसिडेन्सी कॉलेजातून संख्याशास्त्राची पदवी घेऊन १९५९ मध्ये ते कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये (आयएसआय) आले. तेव्हा डोक्यात होतं ते कारखान्यातल्या मालाची गुणवत्ता तपासण्याचं संख्याशास्त्र. म्हणजे तुमच्या घरचे म्हणतात तसंच, नोकरीच्या कामाचं! तिथे के. आर. पार्थसारथी, रंगा राव आणि वरदराजन हे सोबती भेटले आणि ते शुद्ध गणिताकडे वळले. म्हणून मी मुलांना सांगतो, गाइडइतकंच शेजारच्या टेबलावर कोण बसतं हेही बघा. पीएच.डी. सी. आर. राव यांच्याकडे, प्रबंधाच्या परीक्षकांत खुद्द कोल्मोगोरोव्ह, म्हणजे आधुनिक संभाव्यतेचा पाया घालणारे रशियन गणितज्ञ. १९६३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कुरांत इन्स्टिट्यूट या गणित संस्थेत पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचा तात्पुरता संशोधक) म्हणून गेले आणि मग तिथलेच झाले.

आता "करतात काय" ते. मी वर्गात साठ मुलांना पाच रुपयांचं नाणं दहा-दहा वेळा उडवायला लावतो. सहा किंवा जास्त छापे कुणाला आले विचारलं की वीस-बावीस हात वर होतात, कारण ती शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपास आहे. शंभर वेळा उडवून साठ किंवा जास्त छापे? जेमतेम ३ टक्के. हजार वेळा उडवून सहाशे किंवा जास्त? सातशे कोटींत एक. प्रमाण तेच, पण शक्यता नुसती घटत नाही, घातांकी वेगाने कोसळते. तो वेग नेमका किती, हे काढणं म्हणजे लार्ज डेव्हिएशन्स. स्वीडनचे हाराल्ड क्रामर १९३८ मध्ये याकडे विम्याच्या गणितातून आले होते : दावे एकदम फार आले तर कंपनी बुडण्याची शक्यता किती? पण त्यांचं उत्तर स्वतंत्र चलांच्या, म्हणजे नाण्याच्या फेकींसारख्या एकमेकांवर परिणाम न करणाऱ्या राशींच्या, बेरजेपुरतं होतं. वरदन यांनी १९६६ च्या शोधनिबंधात त्याला व्यापक चौकट दिली, आणि सत्तरच्या दशकात मन्रो डॉन्स्कर यांच्यासोबत ती मार्कोव्ह प्रक्रियांपर्यंत, म्हणजे जिथे पुढची पायरी फक्त आत्ताच्या स्थितीवर ठरते अशा प्रक्रियांपर्यंत, नेली. डॅनियल स्ट्रूक यांच्यासोबतचं डिफ्यूजनवरचं (सतत होणाऱ्या यादृच्छिक हालचालीवरचं) काम वेगळंच, ते इथे मावणार नाही. या सगळ्यासाठी गणितातलं मानाचं आबेल पारितोषिक मिळालं २००७ मध्ये. १९६६ ते २००७, मधली वर्षं मोजा. मला हा हिशेब फार मोलाचा वाटतो. या धंद्यात कामाचं चीज व्हायला किती काळ जातो ते त्यातून कळतं.

तुमच्यापुरतं बोलायचं तर साधारण पाच वर्षं पीएच.डी., मग दोन-तीन वर्षांच्या एक-दोन पोस्टडॉक, बहुधा परगावी किंवा परदेशी, आणि त्यानंतर कायम नोकरीची खटपट. हा मधला काळ कठीण असतो. पैसा कमी, पत्ता सतत बदलता. घरच्यांची काळजी खोटी नाही, त्यांना हे आधीच मोकळेपणी सांगा. आयएसआय, मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि त्यांचं बंगळुरूचं केंद्र, पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, या जागा बघा.

आणि अर्ज भरायच्या आधी मेझर थिअरी, म्हणजे संचांचं 'माप' ठरवणारं आणि संभाव्यतेच्या पायाशी असलेलं गणित, नीट करा. एम.एस्सी.ला आपण ती परीक्षेपुरती उरकतो. एक प्रमेय घ्या, पुस्तक मिटा आणि सिद्धता कोऱ्या कागदावर स्वतः उभी करा. अडलात, तासभर तसेच बसलात आणि तरी उठावंसं वाटलं नाही, तर हे घरी सांगताना तुमचा आवाज डळमळणार नाही. कुठे अडलात ते खाली लिहा, मला जमेल तेवढं सांगेन.